पिल्लू वाचले, पाखरू झाले का?

बालरोगतज्ज्ञाच्या दाराशी आईबाप आपली लेकरे घेऊन येतात, ही रीतच आहे. परंतु आमच्या बडोद्यात वळवाचा वारा सुटला, किंवा पावसाळ्यात कुणी कुंपणावरची माजलेली वेल छाटली, की निराळ्याच प्रकारचे पालकही दवाखान्याच्या पायऱ्या चढतात. कुणाच्या हाती चपलांचा रिकामा खोका असतो, कुणाच्या ओंजळीत रुमाल. आणि आत बोटाच्या पेराएवढा, उघडावाघडा, डोळे मिटलेला एक जीव चोच वासून थरथरत असतो. 'तुम्ही लहान मुलांचे डॉक्टर, तुम्हांला ठाऊक असणार', एवढ्याच भरवशावर तो माझ्यापुढे ठेवला जातो.

पक्ष्यांचा वैद्य मी नव्हे. ते काम पशुवैद्यकाचे, आणि ते त्यानेच करावे. तथापि या निमित्ताने जे वाचन घडले आणि अनुभवी पक्षीपालकांच्या सहवासात जे पाहायला, हाताळायला मिळाले, त्यातून एक गोष्ट मनाशी पक्की झाली. नवजात अतिदक्षता विभागात जो प्रश्न आपण सरतेशेवटी स्वतःला विचारतो, तोच या चिमूटभर जिवाबाबतही विचारावा लागतो. जीव वाचला हे उत्तम. पण जे होण्यासाठी तो जन्मला, ते त्याला होता आले का?

एका पेटीची उसनवारी

पिल्लांचे संगोपन आणि मानवी अर्भकांचे संगोपन यांचे नाते केवळ कल्पनेतले नाही. १८७८ मध्ये पॅरिसचे प्रसूतितज्ज्ञ स्तेफान तार्निए यांनी तेथील प्राणिसंग्रहालयात कोंबड्यांची अंडी उबवण्याची यंत्रे पाहिली. अपुऱ्या दिवसांची बालके थंडीने दगावतात, हे ते रोज पाहत होते. त्यांनी ती यंत्रे बनवणाऱ्या ओदिल मार्तँ यांनाच तशी एक पेटी बालकांसाठी तयार करावयास सांगितले, आणि १८८० च्या सुमारास ती पॅरिसच्या प्रसूतिगृहात वापरात आली. आपण ज्याला इन्क्युबेटर म्हणतो, त्याच्या नावातच अंडी उबवण्याचा अर्थ दडलेला आहे. पुढे १९५८ मध्ये न्यूयॉर्कच्या विल्यम सिल्व्हरमन यांनी दाखवून दिले, की पेटीतील तापमान थोड्याच अंशांनी वाढवले तरी अपुऱ्या दिवसांची अधिक बालके जगतात. कोंबडीच्या पंखाखालची ऊब अशा रीतीने आपल्या शास्त्रात आली. तेव्हा तिच्या सोयऱ्याधायऱ्यांच्या पिल्लांकडे बालरोगतज्ज्ञाने पाहिले, तर ते काही परक्याच्या अंगणात डोकावणे नव्हे.

हे पिल्लू कुणाचे?

आपल्याकडे येणाऱ्या या पाहुण्यांत मुनियांची पिल्ले बरीच असतात. मुनिया म्हणजेच मनोली. ठिपकेवाली, पांढऱ्या कंठाची, लाल अशा तिच्या अनेक जाती आहेत. लाल मुनियेचे तर गुजराताशी नावाचेच नाते आहे. इंग्रजीत तिला 'अवाडवाट' म्हणतात. जुन्या काळी अहमदाबादेहून हे पक्षी परदेशी जात, म्हणून त्या शहराच्या नावाचाच तो अपभ्रंश. पिंजऱ्यात पाळला जाणारा, मूळ ऑस्ट्रेलियाचा झेब्रा फिंच हा याच कुळातला. बाजारात या सगळ्यांना सरसकट 'फिंच' म्हटले जाते.

पिल्लू हाती आले की पहिला प्रश्न औषधाचा नसतो. ते खरोखर अनाथ आहे का, हा असतो. अंगावर पिसे आलेले, आखूड शेपटीचे, टुणटुण उड्या मारणारे पिल्लू जमिनीवर दिसले, तर बहुधा ते उडायला शिकत असते आणि त्याचे आईबाप जवळच्या फांदीवरून आपण दूर जाण्याची वाट पाहत असतात. अशा पिल्लाला मांजराच्या वाटेतून उचलून झुडुपात ठेवणे, एवढाच उपचार. पिसे न आलेले पिल्लू खाली पडले असेल आणि घरटे शाबूत असेल, तर ते ऊबदार हातांनी पुन्हा घरट्यात ठेवावे. माणसाचा हात लागला की पक्षी पिल्लाला टाकतात, ही समजूत सर्वत्र आहे आणि ती खरी नाही. आईपाशी जे सुखरूप वाढेल त्याला आईपासून दूर नेऊ नये, हा धडा आपल्या शास्त्रालाही फार उशिरा मिळाला. बोगोटा शहरात १९७८ पासून अपुऱ्या दिवसांच्या बालकांना पेटीऐवजी आईच्या छातीशी बांधून ठेवण्यास आरंभ झाला, आणि आज 'कांगारू मातृसेवा' म्हणून आपण तीच गोष्ट शिकवतो.

घरटे नाही, आईबाप मेलेले आहेत, पिल्लू उघडे आहे, असे निश्चित झाले तरच पुढचा विचार.

आधी ऊब, मग घास

बाळ थंड पडले असता त्याला पाजण्याची घाई करू नये, आधी ते उबदार करावे, हे आपण परिचारिकांना पहिल्याच आठवड्यात शिकवतो. पिल्लाचेही तेच. पिसे नसलेल्या पिल्लाला स्वतःचे तापमान राखता येत नाही. थंड पिल्लाच्या पोटात गेलेला घास पचत नाही. तो गळ्याजवळच्या 'क्रॉप' नावाच्या पिशवीत तसाच पडून आंबतो, आणि पिल्लू उपाशी न मरता खाऊन मरते. म्हणून अगदी लहान पिल्लाभोवती ३५ अंश सेल्सियसच्या आसपास ऊब लागते आणि पिसे फुटू लागली की ती हळूहळू कमी करावयाची असते. आपल्याकडच्या वैशाखात मात्र उलट सावधगिरी हवी. दुपारी खोलीच ३६-३७ अंशांवर गेलेली असताना वर दिवा लावला, तर पिल्लू चोच उघडी टाकून धापा टाकते. दिवा लागतो तो पहाटे.

घरटेही नीट हवे. सपाट खोक्यात ठेवलेल्या पिल्लाचे पाय दोन्ही बाजूंना फाकतात आणि तसेच कायमचे वाकडे राहतात. लहान वाटीत मऊ कागद खळगा करून बसवला की पाय पोटाखाली येतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळाभोवती आपण कापडाची वळकटी करून घरटे रचतो आणि त्याचे हातपाय आवळून ठेवतो, ते याच कारणासाठी.

आता घास. येथे आपल्या लोकांच्या मायेचा सर्वांत मोठा घोटाळा होतो. पिल्लू दिसले की पहिली वाटी येते दुधाची, आणि तीत कुस्करलेला पाव. पक्षी सस्तन नव्हेत. दुधातली साखर पचवण्याची सोय त्यांच्या आतड्यात नसते. दुसरी धाव ड्रॉपरने पाणी पाजण्याची. पक्ष्याच्या जिभेच्या मुळाशीच श्वासनलिकेचे तोंड उघडे असते. चोचीत सोडलेला पातळ थेंब थेट फुप्फुसात उतरतो आणि पिल्लू मिनिटाभरात मान टाकते. हे ऐकून मला नवजात बाळाच्या जिभेवरचा मध, गुळाचे पाणी आणि चौथ्याच दिवसापासूनची बाळघुटी आठवल्याखेरीज राहत नाही. प्रेमाचा अभाव कोठेच नसतो. ज्या जिवावर प्रेम करायचे त्याची घडण कशी आहे, हे विचारण्याची सवय तेवढी नसते.

एका पिल्लाचे अन्न दुसऱ्याला चालत नाही. चिमणीच्या पिल्लाला अळ्या-किडे लागतात, तर मुनिया आणि झेब्रा फिंच यांचे आईबाप मुख्यतः गवताचे बी स्वतःच्या क्रॉपमध्ये भिजवून, मऊ करून पिल्लाच्या घशात उतरवतात. म्हणून जात ओळखल्याशिवाय घास देऊ नये. पशुवैद्यकाच्या सल्ल्याने पक्ष्यांच्या पिल्लांसाठी तयार मिळणारे पीठ कोमट पाण्यात कालवून द्यावे. ते साधारण ३९ अंशांचे असावे. थंड दिले तर क्रॉप थांबते, फार गरम दिले तर भाजते. अगदी लहान पिल्लाला दिवसा दर अर्ध्या-पाऊण तासाने थोडेथोडे द्यावे लागते. वाढेल तसे हे अंतर वाढते. या कुळातली पिल्ले मान खाली वाकवून, तोंड तिरके वर करून आ वासतात. तो आ वासला तरच घास द्यायचा, आणि क्रॉप रिकामी होत आल्यावरच पुढचा. क्रॉप पातळ त्वचेतून दिसते, ही बालरोगतज्ज्ञाला हेवा वाटावा अशी सोय! प्रत्येक वेळी हात धुणे आणि सिरिंज उकळणे ओघाने आलेच. पक्ष्यांच्या विष्ठेतून साल्मोनेलासारखे जंतू माणसालाही होतात. घरात तान्हे मूल असेल तर हा उद्योग तेथे नकोच.

या साऱ्या खटाटोपामागे वाढीचा एक विलक्षण वेग असतो. आपले बाळ पाचव्या महिन्याच्या सुमारास जन्मवजनाच्या दुप्पट होते आणि वर्षाचे होता होता तिप्पट. झेब्रा फिंचचे पिल्लू अंड्यातून निघते तेव्हा जेमतेम एक ग्रॅमचे असते आणि दोन आठवड्यांच्या आत सुमारे दहापट होते. एवढ्या वेगात एक उपाशी दिवस म्हणजे आपल्या बाळाचे कितीतरी आठवडे.

तीन पिल्ले आणि एक प्रश्न

हे सर्व मी जवळून पाहिले ते आमच्या दांडिया बाजारातल्या एका निवृत्त शिक्षकांच्या गॅलरीत. झेब्रा फिंच ते बरीच वर्षे पाळत आले आहेत. एका एप्रिलमध्ये रात्री मांजराने पिंजऱ्यावर झडप घातली आणि एक जोडी गेली. मागे सहा दिवसांची तीन पिल्ले राहिली. दुसऱ्या कोणत्याही जोडीची पिल्ले त्या वेळी नव्हती. त्यामुळे त्यांच्यात मिसळून देण्याचा सोपा मार्ग बंद होता. सरांनी मला निरोप धाडला. पशुवैद्यकांना विचारून आम्ही काम वाटून घेतले. सर पहाटेचे, मी रात्रीचा फेरा, आणि दिवसभराची मुख्य परिचारिका म्हणजे सुट्टीला पुण्याहून आलेली त्यांची अकरा वर्षांची नात.

वजनासाठी ओळखीच्या सोनाराचा काटा आणला. पहिल्या सकाळी तिघांची वजने ४.६, ४.३ आणि ३.५ ग्रॅम भरली. नातीने भिंतीवर आलेखाचा कागद डकवला आणि रोज पहिल्या घासाआधी ठिपके मांडू लागली. दोन रेषा वर चढत गेल्या. धाकट्याची आडवीच राहिली. तिसऱ्या रात्री ते गेले. त्याची क्रॉप भरलेलीच होती. मुलीने दुसऱ्या दिवशी त्याची रेषा पुसली नाही. तेथेच एक लहान टिंब काढून ती तशीच ठेवली. आमच्या विभागातल्या किती तरी आलेखांची मला त्या क्षणी आठवण झाली.

उरलेल्या दोघांचे डोळे उघडले, पिसांच्या नळ्या फुटल्या आणि एकविसाव्या दिवशी ती वाटीबाहेर आली. आता ती मुलीच्या खांद्यावर बसत, तिच्या बोटाची चोच समजून मागणी करत. घरात सगळ्यांना त्याचे कौतुक होते. मी मात्र सरांना म्हटले, 'सर, आता यांना मोठ्या पाखरांच्या शेजारी टांगावे आणि थोड्या दिवसांत त्यांच्यातच सोडावे.'

मुलीला हे मुळीच पटले नाही. ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, 'डॉक्टरकाका, मग ती मला विसरतील ना?'

'हो, बहुतेक विसरतील.'

'मग मी एवढे कशाला केले?'

सरांनी माझ्याकडे पाहिले. उत्तर मलाच द्यायचे होते, आणि अकरा वर्षांच्या मुलीला खोटे सांगून भागणार नव्हते. मी तिला जे सांगितले त्यामागचे शास्त्र असे आहे.

गाणे कुणाकडून शिकायचे?

झेब्रा फिंचमध्ये गातो तो नर, आणि ते गाणे त्याला जन्मतः येत नाही. पिल्लू साधारण पंचविसाव्या दिवसापासून साठ-पासष्टाव्या दिवसापर्यंत वडीलधाऱ्या नराचे गाणे ऐकून मनात साठवते. त्याच सुमारास ते आपल्या बाळाच्या बोबड्या बोलांसारखे अस्फुट काहीतरी पुटपुटू लागते, ऐकलेल्याशी ताडून पाहते, आणि नव्वदाव्या दिवसाच्या सुमारास त्याचे गाणे कायमचे घट्ट होते. या काळात शिकवणारा नर भेटला नाही तर ते गाते, पण वेडेवाकडे; आणि ते पुढे सहसा सुधारत नाही. ऐकू न येणाऱ्या मुलाच्या भाषेबाबत आपण जी घाई करतो, लवकर तपासणी, लवकर श्रवणयंत्र, तिचे मर्म हेच. हे साम्य वरवरचे नाही. मानवी वाचेशी निगडित 'फॉक्सपी-२' जनुकाचे काम झेब्रा फिंचच्या मेंदूत कमी केले असता त्याला गुरूचे गाणे अचूक उचलता येत नाही, असे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले.

गाण्याहूनही खोल गोष्ट ओळखीची आहे. जर्मन शास्त्रज्ञ क्लाउस इमेलमान यांनी १९६० च्या दशकात झेब्रा फिंचची पिल्ले बेंगॉलीज फिंच या दुसऱ्या जातीच्या आईबापांकडून वाढवून घेतली. (नाव बंगालचे असले तरी हा पक्षी पांढऱ्या पाठीच्या मुनियेपासून पूर्वेकडच्या देशांत माणसाळवला गेला.) मोठे झाल्यावर ते नर स्वजातीच्या मादीकडे दुर्लक्ष करून बेंगॉलीज मादीपुढे गाऊ लागले. पालनकर्त्याची जातच त्यांना आपली वाटली. माणसाच्या हाती एकटे वाढलेले पिल्लू असेच माणसाला आपले मानते. त्याला वाचवणारा हातच त्याची दिशाभूल करतो, आणि यात कुणाचा दोष नसतो.

आपल्या शास्त्रात याचा दाखला फार जिव्हारी लागणारा आहे. १९४० च्या दशकात अपुऱ्या दिवसांच्या बालकांना सढळ हाताने प्राणवायू दिला जाई. बालके वाचली, आणि त्यांतली अनेक आंधळी झाली. १९५१ मध्ये मेलबर्नच्या केट कॅम्पबेल यांनी प्राणवायूकडे बोट दाखवले आणि पुढच्या काही वर्षांत अमेरिकेतील चाचणीने ते सिद्ध केले. आपण मृत्यूचे प्रमाण मोजत होतो. त्या मुलाला पुढे काय दिसणार आहे, हे मोजत नव्हतो.

नातीला मी एवढेच म्हटले, 'बाळ, तू त्यांना जिवंत ठेवलेस. पण गाणे तुला येत नाही, मलाही येत नाही. ते त्यांना त्यांच्याच माणसांकडून शिकावे लागेल.' ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने स्वतःच छोटा पिंजरा मोठ्या पिंजऱ्याला खेटून टांगला. काही दिवस ती जाळीतून हाताने भरवत राहिली. पिल्ले शेजारच्यांचे पाहून राळे टिपायला शिकली. पस्तिसाव्या दिवसापर्यंत सिरिंज लागेनाशी झाली. मग दार उघडले. जूनमध्ये मुलगी पुण्याला गेली, तेव्हा ती तिच्या हाकेला उडून येत नव्हती.

जुलैच्या मध्यास सरांनी मला बोलावले. दोघांतले एक नर निघाले होते. गालावर नारिंगी ठिपका आला होता. ते गाऊ लागले तेव्हा सरांनी फोन पिंजऱ्यापाशी धरला. पलीकडे नात ऐकत होती. थोड्या वेळाने तिचा आवाज आला, 'आजोबा, हा अगदी आपल्या म्हाताऱ्यासारखा म्हणतोय!' म्हातारा म्हणजे त्या पिंजऱ्यातला सर्वांत जुना नर. तिचे म्हणणे खरे होते. गाण्याच्या शेवटी म्हातारा जो एक किनरा सूर लावी, तोही त्याने उचलला होता.

आपल्यापुढचे काम

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. झेब्रा फिंच पाळीव आहे. मुनिया, चिमणी किंवा कोणताही देशी रानपक्षी मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये घरी पाळता येत नाही. मग तो मायेने का उचललेला असेना. असे पिल्लू सापडले आणि घरट्यात परत ठेवता आले नाही, तर खोक्यात ऊब द्यावी, तोंडात काहीही घालू नये आणि विनाविलंब वनखात्याला किंवा पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या संस्थेला कळवावे. गुजरातेत वनखात्याने २०१७ पासून उत्तरायणाच्या दिवसांत 'करुणा अभियान' राबवून पतंगाच्या मांज्याने घायाळ झालेल्या पक्ष्यांसाठी उपचारांची व्यवस्था उभी केली, त्यामुळे अशा कामाची जाण असलेली मंडळी आता पुष्कळ आहेत. त्यांच्याकडे त्याच जातीची आणखी पिल्ले असण्याचा संभव असतो, आणि पिल्लाला आपल्यापेक्षा त्यांचीच गरज अधिक असते.

एकदा बिघडलेले सारेच वाया जाते असेही नाही. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, एकांतात वाढून वेडेवाकडे गाणाऱ्या झेब्रा फिंच नरांना शिष्य देण्यात आले. शिष्यांनी गुरूचे गाणे घेतले, पण ते किंचित सुधारून. त्यांच्या शिष्यांनी आणखी सुधारले. तीन-चार पिढ्यांत ते गाणे जवळजवळ रानातल्या गाण्यासारखे झाले. संगत मिळाली, तर जीव आपली वाट शोधतो.

आमच्या विभागातून हजार-बाराशे ग्रॅमचे बाळ घरी जाण्याजोगे होते, तेव्हा वजनाचा आलेख पाहून आम्ही समाधान पावतो, आणि ते योग्यच आहे. पण त्याच कागदावर डोळ्यांच्या तपासणीची तारीख आहे का, कानांची चाचणी झाली का, ते बाळ आईच्या कुशीत किती तास होते, आणि दोन वर्षांनी ते काय बोलते हे ऐकायला आपण त्याला पुन्हा बोलावणार आहोत का, हे प्रश्न वजनाइतकेच ठळक अक्षरांत लिहिलेले असावेत. पाठपुराव्याच्या दिवशी दवाखान्यात गर्दी असते, कंटाळाही येतो. तरी खुर्चीत न बसता, टेबलाखाली शिरून, आईच्या भाषेत भरभर बडबडणारे ते मूल माझ्याकडे ढुंकूनही पाहत नाही, तेव्हा मी त्याच्या कागदावर 'प्रकृती उत्तम' असे निःशंकपणे लिहितो.